हलका काटा

माणसाने प्रवासात आणि आयुष्यातही होता होईल तो हलकं असावं, असं माझं फार जुनं मत आहे. मत जुनं झालं की त्याला तत्त्व म्हणतात, आणि ते तत्त्व आपल्या सोयीचं असलं की त्याला स्वभाव म्हणतात. तेव्हा हलकेपणा हा माझा स्वभाव आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आमची मंडळी कुठे लग्नाकार्याला निघाली, की फलाटावर बॅगा, पिशव्या, फराळाचे डबे, आहेराच्या साड्यांचं गाठोडं आणि कोणीतरी कोणासाठी तरी पाठवलेली लोणच्याची बरणी असा सगळा संसार मांडलेला असतो. मी मात्र वर्तमानपत्राची सुरळी हातात घेऊन बाजूला उभा असतो. "तुझं बरं आहे बुवा, तू सदा हलका," असं आमचा दादा म्हणतो. पंचवीस वर्षं मी हे वाक्य कौतुक म्हणून ऐकत आलो. माझा टॉवेल हिच्या बॅगेत असतो, दाढीचं सामान मुलाच्या सॅकमध्ये असतं आणि भूक लागल्यावर उघडायचा डबा दादाच्या हातात असतो, ही गोष्ट काही माझ्या लक्षात आली नव्हती. ती लक्षात यायला मला समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटर वर जावं लागलं. त्याचीच ही हकीकत.

आधी माझी पात्रता सांगतो. मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात; नाव लांबलं, काउंटर तेवढाच राहिला. वय सेहेचाळीस. शिक्षण बी.कॉम., त्यातलं 'प्रत्येक नावेला एक जमा' एवढं सोडून बाकी सगळं विसरलो. गिर्यारोहणाचा अनुभव म्हणाल, तर सिंहगड अनेकदा, पिठलं-भाकरीच्या निमित्ताने. आणि कळसूबाई एकदा, शिड्यांचे कठडे धरून. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याच्यावर उंच काही नसल्यामुळे माझ्या महत्त्वाकांक्षेला तिथेच पूर्णविराम मिळाला होता.

तो पूर्णविराम खोडला माझ्या भाच्याने. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. याने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केलेला आहे आणि तेव्हापासून तो सपाट जमिनीवरसुद्धा चढावर असल्यासारखा चालतो. एके दिवशी म्हणाला, "मामा, तुमची एलएफसी शिल्लक आहे ना? चला, फ्रेंडशिप करू." मला वाटलं, काही तरी नवीन अ‍ॅप असेल. पण फ्रेंडशिप हे शिखराचं नाव निघालं. मनालीच्या वर, बियास कुंडाच्या बाजूला, पीर पंजाल रांगेत, उंची ५२८९ मीटर. हौशी माणसांना झेपण्यासारखं, असं तो म्हणाला. 'झेपण्यासारखं' हा शब्द तरुण माणसं फार सैल हाताने वापरतात.

मग यादी आली. त्या यादीत लोकरी मोज्यांच्या खाली आणि काळ्या चष्म्याच्या वर एक शब्द होता : क्रॅम्पॉन. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाच्या तळाला बांधायचे दातेरी काटे. घट्ट बर्फावर नुसता बूट घसरतो. हे काटे रुततात आणि माणूस उभा राहतो. एकेका पायाला बहुधा दहा किंवा बारा दात, त्यांतले दोन पुढे चोचीसारखे आलेले. ते बांधण्याच्याही तीन तऱ्हा. पुढे-मागे दोन्हीकडे पट्टे, म्हणजे कोणत्याही बुटाला चालणारे. पुढे पट्टा आणि मागे खटका, म्हणजे टाचेला खाच असलेल्या बुटाला चालणारे. आणि पुढे तार, मागे खटका, म्हणजे खास कडक बुटालाच चालणारे. थोडक्यात, लग्नाआधी पत्रिका जुळवतात तसं इथे बूट आणि काटा यांचं जुळवावं लागतं. न जुळवता बांधले, तर ऐन उतारावर घटस्फोट होतो.

भाच्याने स्वतःसाठी पोलादी क्रॅम्पॉन भाड्याने ठरवले होते. मी म्हटलं, आपण विकत घेऊ. सेहेचाळिसाव्या वर्षी माणूस एखादी गोष्ट पुन्हा करणार नाही अशी खात्री असली, की तिचं सामान विकत घेतो.

दुकानदाराने काउंटरवर दोन जोड ठेवले. एक पोलादाचा, काळसर, दणकट, वजन नऊशे ग्रॅम. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, चकचकीत, वजन पाचशे. मी दोन हातांत दोन धरले. पोलादी जोड धरल्यावर हाताला कर्तव्याची आठवण झाली. अ‍ॅल्युमिनियमचा धरल्यावर मनाला रविवार झाल्यासारखं वाटलं. स्वभावाला धरून मी रविवारकडे झुकलो.

"अ‍ॅल्युमिनियम?" ही म्हणाली. "अहो, आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला दोन महिन्यांत पोचे पडले."

भाच्याने मामीला समजावलं, की हे पातेल्यातलं अ‍ॅल्युमिनियम नव्हे. यात जस्त मिसळलेलं असतं, याला सात-शून्य-सात-पाच असा नंबर आहे आणि विमानाच्या सांगाड्यात हेच वापरतात. पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजन. पण मामीचंही अगदी चूक नाही, असं म्हणून त्याने दुसरी बाजूही सांगितली. हा धातू मऊ. मऊ बर्फावर, हिमनदीच्या सपाटीवर, वसंतातल्या उतारांवर, आणि क्रॅम्पॉन पायात कमी आणि सॅकमध्ये जास्त राहणार असतील, तिथे उत्तम. स्की घालून डोंगर चढणारे हेच पसंत करतात. पण काचेसारख्या कडक बर्फात हे दात पोलादासारखे घुसत नाहीत, आणि दगडावरून चाललात तर झिजून बोथट होतात. कानशीने धार लावता येते; पण दर वेळी दात थोडा आखूड होतो. काही कंपन्यांनी मध्यममार्ग काढलाय : पुढचा भाग पोलादाचा आणि टाचेचा अ‍ॅल्युमिनियमचा. संयुक्त सरकारच म्हणा ना.

"मग मी काय घेऊ?" मी विचारलं.

"आपला मार्ग जूनमध्ये बहुतेक बर्फाचाच आहे. अ‍ॅल्युमिनियम चालेल. फक्त एक करा मामा. दगड आले की काढायचे."

यातलं 'चालेल' मी ऐकलं. 'फक्त' पासून पुढचं वाक्य कर्जाच्या अर्जावरच्या बारीक टायपासारखं नजरेआड केलं.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका पायामागे दोनशे ग्रॅमची बचत. शिखराच्या दिवशी जाऊन-येऊन बारा हजार पावलं धरली, तर दर पावलाला दोनशे ग्रॅम कमी उचलायचे, म्हणजे एकूण चोवीस क्विंटल! एका दिवसात मी चोवीस क्विंटल वजन न उचलता घरी येणार होतो. न केलेल्या कामाचा एवढा मोठा आकडा माझ्या नोकरीतसुद्धा कधी निघाला नव्हता. शिवाय गिर्यारोहकांत एक म्हण आहे, पायातला एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच. त्या हिशेबाने माझी चारशे ग्रॅमची बचत ही पाठीवरच्या दोन किलोंबरोबर झाली.

आता बचत झाली की ती गुंतवावी, ही बँकेची शिकवण. मी ताबडतोब दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा करायला सांगितला.

या काट्यांचा इतिहासही मी मधल्या काळात वाचून काढला. आल्प्समध्ये पूर्वी बर्फाच्या चढावर वाटाड्या पुढे जाऊन कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदायचा, शेकडो पायऱ्या, आणि मागची साहेबमंडळी त्या तयार जिन्यावरून चढायची. १९०८ साली ऑस्कर एकेन्स्टाइन नावाच्या इंग्रज इंजिनियराने दहा दातांचा सुधारलेला क्रॅम्पॉन तयार केला. हा गृहस्थ रेल्वेतला. इटलीत माँ ब्लाँच्या पायथ्याला कूरमायूर गाव आहे, तिथल्या आँरी ग्रिव्हेल या लोहाराने तो घडवून विकायला सुरुवात केली. १९२९ साली त्याच घराण्यातल्या लोराँ ग्रिव्हेलने पुढचे दोन दात जोडले आणि दहाचे बारा झाले. जुन्या मंडळींना हे पसंत नव्हतं; काटे बांधून चढणं ही त्यांना लबाडी वाटायची. मला मात्र यातली एक गोष्ट फार आवडली. पूर्वी एकाने घाम गाळायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या पायऱ्या वापरायच्या. क्रॅम्पॉन आले आणि ज्याची पायरी त्याच्या बुटाखाली आली. स्वतःची पायरी स्वतः वाहणारा माणूस! हे वाचून माझी छाती फुगली. त्या वेळी माझा टॉवेल भाच्याच्या सॅकमध्ये होता.

मनालीहून आम्ही सोलंगला गेलो, तिथून अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड जिथे आहे त्या धुंडीला, आणि पुढे चालत बकरथाचला. बकऱ्या चरायची हिरवीगार जागा. आमच्याबरोबर एक गाइड होता आणि सामानाला एक पोर्टर. गाइड चाळिशीतला, कमी बोलणारा. पोर्टर विशीतला, हसरा. माझी सॅक पहिल्याच चढावर माझ्याशी वाद घालू लागली, तेव्हा मी आतला चिवड्याचा डबा काढून त्या पोराच्या बोज्यावर ठेवला. "हलकाच आहे," मी म्हटलं. "कोई बात नहीं साबजी," तो म्हणाला. त्याच्या पायात रबरी गमबूट होते.

इथे थोडं थांबून जमाखर्च बघा. मी पायातले चारशे ग्रॅम वाचवले, ते पाठीवरचे दोन किलो समजलो, त्या दोन किलोंचा चिवडा घेतला आणि तो चिवडा गमबूटवाल्याच्या पाठीवर गेला. माझ्या खात्यात जमा झालेली प्रत्येक तोळाभर बचत त्याच्या खात्यात बिनचूक नावे पडली होती. द्विनोंदी पद्धत इटलीत जन्मली आणि क्रॅम्पॉनची बाराखडीही इटलीतच पुरी झाली, हा योगायोग नसावा. पण त्या वेळी मला एकच बाजू दिसत होती, कारण दुसरी बाजू माझ्या मागून चालत होती.

वरच्या मुक्कामाच्या जागेला लेडी लेग म्हणतात. हे नाव मी हिला फोनवर सांगितलं नाही. शिखराच्या आदल्या दिवशी तिथे सराव झाला. काटे बर्फावर सपाट कसे टेकवायचे, पाय थोडे फाकून कसे टाकायचे, नाही तर एका पायाचा काटा दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये कसा अडकतो, बर्फाचा गोळा तळाला चिकटला तर कुऱ्हाडीच्या दांड्याने कसा झटकायचा, हे सगळं गाइडने शिकवलं. मी छान शिकलो. दुपारच्या मऊ बर्फात माझे चकचकीत दात लोण्यातल्या सुरीसारखे जात होते.

परत येताना मध्ये दगडगोट्यांचा पट्टा लागला. चांगला अर्ध्या तासाचा. भाचा खाली बसला, त्याने पट्टे सोडले, क्रॅम्पॉन काढून हातात घेतले. माझी बोटं गारठली होती, पट्टे ओले होते आणि वाकलं की दम लागत होता. मी म्हटलं, एवढ्यासाठी काय काढायचे? आणि खटाक्-खटाक् करत, लग्नातल्या घोड्यासारखा, तसाच चालत आलो.

रात्री तंबूत बॅटरीच्या उजेडात मी ते दात पाहिले. चकाकी गेली होती. टोकं वाटोळी झाली होती. पुढच्या दोन दातांना तर स्वभावच उरला नव्हता. मी अंगठा फिरवून पाहिला. अंगठ्याला काही झालं नाही. क्रॅम्पॉनच्या बाबतीत ही वाईट बातमी असते.

सांगायला हवं होतं. तंबूत भाचा होता, शेजारच्या तंबूत गाइड होता, त्याच्याकडे कानस असणारच. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? गाइड म्हणाला असता, तुम्ही येऊ नका. भाचा म्हणाला असता, मी सांगितलं होतं. शाखेतल्या लोकांना मी शिखरावरचा फोटो कबूल केलेला होता. मी बूट फिरवून, दात भिंतीकडे करून ठेवले आणि झोपलो.

बँकेत आमच्याकडे सस्पेन्स अकाउंट नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं नेमकं काय करायचं ते कळत नाही, ती तात्पुरती त्यात टाकून ठेवायची. माणसाच्या मनातही असं एक खातं असतं. त्यात टाकलेल्या रकमेला बाहेर येण्यासाठी रात्री दीडची वेळ फार आवडते.

दीडला आम्ही निघालो. एका दोराला तिघे : पुढे गाइड, मागे भाचा आणि मध्ये मी, पोथीत ठेवलेल्या खुणेच्या दोऱ्यासारखा. थंडीने दुपारचं लोणी गोठून दगड झालं होतं. सुरुवातीचा उतार सौम्य होता. काम भागत होतं. प्रत्येक पावलाला मी दोनदा लाथ मारत होतो, आणि न उचललेल्या चोवीस क्विंटलांपैकी बरेचसे मला तिथेच उचलावे लागत होते. पहाट फुटायच्या आधी, शिखर आता दीड-दोनशे मीटर उरलं असताना, चढ उभा झाला. मी उजवा पाय मारला. दात वाजला, रुतला नाही. डावा मारला. तोही वाजला. मग दोन्ही एकदम गेले.

घसरताना आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढून फक्त भाच्याची बॅटरी सरकली. वर गाइडने कुऱ्हाड बर्फात रोवून अंग टाकलं, खाली भाचा स्वतःच्या कुऱ्हाडीवर पालथा पडला, आणि मी दोघांच्या मध्ये दोराला दिवाळीच्या कंदिलासारखा थांबलो. थांबण्यापूर्वी माझा एक पाय भाच्याच्या दंडावर आपटला. जो काटा बर्फात रुतायला तयार नव्हता, तो भाच्याच्या जाकिटातून आत मात्र व्यवस्थित रुतला.

गाइड खाली आला. आधी त्याने भाच्याचा दंड बांधला. मग माझा बूट हातात धरून दातांवरून अंगठा फिरवला. माझ्या अंगठ्याला आदल्या रात्री जे कळलं होतं, ते त्याच्या अंगठ्याला आता कळलं.

"ये तो घिस गया है साबजी," तो म्हणाला. "कल बोलना था."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तिघे एका दोराला असल्यामुळे तिघेही परत फिरलो. भाचा दोन वर्षं ज्या शिखराची वाट पाहत होता ते त्याच्या पाठीमागे उजळत होतं आणि तो दात नसलेल्या मामाला एकेक पाऊल टाकायला सांगत खाली उतरवत होता. मुक्कामाला आलो तेव्हा गमबूटवाला पोरगा चहा घेऊन बाहेर उभा होता. भाचा खाली बसला, दंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, चिवडा आहे ना?"

मनालीला दंडाला चार टाके पडले. हिशेबात तेही धरायला हवेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. माणसाने हलकं राहावं की नाही? परतीच्या बसमध्ये मी याचा बराच विचार केला; बसमध्ये दुसरं काही करता येत नव्हतं. हलकेपणा वाईट, असं मी म्हणणार नाही. जड पायांनी चालणारा दमतो, दमलेला माणूस घसरतो, आणि डोंगरावर जो लवकर चढून लवकर उतरतो तो दुपारच्या धोक्यातूनही सुटतो. तेव्हा कमी वजन हीसुद्धा एक सुरक्षितताच आहे. अ‍ॅल्युमिनियमचा यात दोष नाही. त्याने कधीच सांगितलं नव्हतं की मी पोलाद आहे. ते मीच त्याच्या वतीने गृहीत धरलं होतं.

माझी चूक वेगळीच होती. बँकेत एवढी वर्षं मी जामीनदार पाहतोय. बिचारा सही करायला येतो तेव्हा सगळ्यांचा चहा झालेला असतो. कर्जदार म्हणतो, नुसती फॉर्मॅलिटी आहे. पुढे हप्ते थकले की नोटीस जामीनदाराला जाते, आणि काउंटरपाशी उभा राहून तो एकच वाक्य बोलतो : "मला आधी सांगायचं तरी." गिर्यारोहणाचा दोर म्हणजे दुसरं काय आहे? त्या दोराला बांधलेला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाचा जामीन राहिलेला असतो. माझ्या पायात काय आहे हा माझा खासगी प्रश्न आहे, असं मला दुकानात वाटलं होतं. दोराची गाठ मारल्यावर तो खासगी राहत नाही. हलकं राहायचा हक्क मला आहे. पण त्या हलकेपणाची किंमत ज्याच्या खात्यातून जाणार, त्याला ती सही करण्याआधी कळली पाहिजे. चारशे ग्रॅम कुठेच नाहीसे होत नाहीत. ते कोणाच्या तरी पाठीवर, कोणाच्या तरी दंडात, कोणाच्या तरी न झालेल्या शिखरात जाऊन बसतात.

चंदीगढ जवळ आल्यावर मी धीर केला. म्हटलं, "अरे, ते दात मला आदल्या रात्रीच दिसले होते."

भाचा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "मलाही दिसले होते, मामा. तुम्ही बूट फिरवून ठेवलेत तेव्हाच. मला वाटलं, सकाळी सांगाल."

"मग तू का नाही बोललास?"

"मामाला कसं बोलायचं?"

यावर मी काहीच बोललो नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आपली पद्धत चांगलीच आहे. पण डोंगरावर तिचं वजन किती होतं ते कोणीतरी मोजायला हवं. त्याची चूक होती असं मला क्षणभर वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की हाही मी माझा एक डबा त्याच्या बोज्यावर ठेवतोय. तो मी परत काढून घेतला.

घरी आलो. क्रॅम्पॉन खुंटीला टांगले. आणि त्या दिवसापासून मला एक वाईट खोड लागली. जिथे मी हलका असेन, तिथे मागे वळून कोण वाकलाय ते बघायची. बघता बघता मी गावी दादापर्यंत पोचलो.

आई गेली अकरा वर्षं दादाकडे आहे. गेली दोन वर्षं तिला उठवून बसवावं लागतं. मी दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतो, तेही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवल्यामुळे मला आठवावंसुद्धा लागत नाही. शाखेत मी याचं उदाहरण देतो. दादाची कंबर दुखते हे मला माहीत होतं. ते मी हवापाण्यात जमा धरलं होतं. "तुझं बरं आहे बुवा, तू सदा हलका." ते वाक्य मी पंचवीस वर्षांनी प्रथमच नीट ऐकलं.

फोन केला. विचारलं, "दादा, आईचं वजन किती असेल रे?"

"बेचाळीस," दादा चटकन म्हणाला. विचार करावा लागला नाही. रोज उचलणाऱ्याला करावा लागत नाही. "का रे?"

"काही नाही. दिवाळीपर्यंत तिला इकडे आणतो. तू कंबर दाखवून घे."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाला, "बरं वाटतंय ना तुला? उंचीवर डोक्यावर परिणाम होतो म्हणतात."

आई आली. पहिल्या आठवड्यात मला कळलं, की बेचाळीस किलो हा आकडा पाच हजार मीटरला नसून आमच्या दुसऱ्या मजल्यावरच किती जड आहे. तिला उठवून बसवताना गुडघे कसे वाकवायचे, पाय किती फाकवायचे, हे हिने मला शिकवलं. गाइडने शिकवलं होतं त्याहून फार वेगळं नव्हतं.

एकदा खुर्चीत बसवल्यावर आईची नजर खुंटीकडे गेली. "हे काय रे? किसणी?"

"नाही आई. बर्फावर चालायचे काटे."

"बघू."

मी काढून तिच्या मांडीवर दिले. तिने सवयीने, विळी पारखावी तसा, दातांवरून अंगठा फिरवला.

"बोथट झालेत की रे."

"हो," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालेत." या वेळी लगेच सांगून टाकलं.

"मग धार लावून घे," आई म्हणाली. "आणि पुन्हा कुठे जाशील तेव्हा चिवड्यात दाणे जरा कमी घाल. वाहणाऱ्याला जड होतात."

चिवड्याचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. भाच्याने सांगितलं असणार. आजीला बोलायला त्याला काही अडचण नाही.